आमची घंटा

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचं देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधलं. आत महादेव आहे, पण नाशिककराला आधी आठवते ती दर्शनी तटावर टांगलेली भलीमोठी घंटा. तिच्यावर रोमन अक्षरं आहेत आणि १७२१ हा आकडा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाची निशाणी म्हणून ही घंटा इथे आली. लहानपणी सुट्टीत आजोळी गेलो की मामा आम्हां भावंडांना घाटावर न्यायचा, घंटेकडे बोट दाखवायचा आणि वसईची लढाई सांगायचा. सुरुंग, ढासळलेला बुरूज, अप्पांची प्रतिज्ञा. गोष्ट संपेपर्यंत आमच्या माना वर करून दुखायला लागायच्या आणि छाती फुगलेली असायची.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने नाशिकला गेलो, तेव्हा बरोबर वसईचा एक मित्र होता. तो कुपारी, म्हणजे वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातला. मी त्याला घाटावर नेलं आणि मामाच्याच थाटात गोष्ट सुरू केली. तो माझं ऐकत होता आणि घंटेवरची अक्षरं लागतात का ते पाहत होता. मध्येच म्हणाला, "म्हणजे ही आमची घंटा."

मी म्हणालो, "तुमची कशी? पोर्तुगीजांची."

तो हसला. "अरे, दोर ओढायला काय लिस्बनहून माणूस यायचा?"

मग आम्ही मिसळ खायला गेलो आणि विषय निघून गेला. त्याच्या मनातून गेला असेल, माझ्या नाही. कारण त्याचं वाक्य साधं होतं आणि माझं नव्हतं. एका शब्दात मी त्याला त्याच्याच गावाच्या इतिहासातून बाहेर काढलं होतं. तेही वाईट हेतूने नाही, सवयीने. चांगल्या माणसांच्या सवयीतही अन्याय असतो. तो कुठून येतो हे शोधताना हा लेख झाला.

आधी थोडा इतिहास, कारण तो टाळून या प्रश्नाकडे जाता येत नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहात वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तिथून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षं, वसई हे पोर्तुगीजांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं होतं. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा पंथांचे मठ आणि चर्चेस उभी राहिली. बाहेर वाड्यावस्त्यांवर, केळीच्या बागा आणि पानवेलींच्या मधोमध, गावची चर्चेस झाली. पापडी, नंदाखाल, आगाशी, सांडोर, मर्सेस ही आजची नावं घेतली तरी तो सगळा पट्टा डोळ्यांसमोर येतो.

हे सगळं प्रेमाने झालं, असं कुणी म्हणू नये. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यात आंतोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्याने चर्च केलं. लेण्याच्या डोक्यावर त्यांनी उभारलेल्या मठाचे आणि पाठशाळेचे अवशेष आजही आहेत, आणि लेण्याच्या भिंतीवर कोरलेला क्रूसही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचत होता. कुणी भीतीने ख्रिस्ती झालं असेल, कुणी जमिनीसाठी, कुणी दुष्काळात पोटासाठी, कुणी पाद्र्याची सेवा पाहून, कुणी खरोखर श्रद्धेने. चारशे वर्षांनंतर ही सरमिसळ निवडत बसणं हा खोटा हिशेब होईल. एकाच घरात नवऱ्याचं कारण वेगळं आणि बायकोचं वेगळं असू शकतं.

पण एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पाद्र्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी लोक पाणी प्यायले आणि अख्खं गाव बाटलं. ती कितपत खरी हा वेगळा मुद्दा. ती गोष्ट आपण ज्या सहजतेने सांगतो, ती सहजता मला आता टोचते. कारण या गोष्टीत दोन पात्रं आहेत आणि आपण एकच पाहतो. पाव टाकणारा दिसतो. पण पाव पाण्यात पडल्याने माणूस ख्रिस्ती होत नाही. तो ख्रिस्ती होतो तेव्हा, जेव्हा शेजारच्या गावचा माणूस म्हणतो, "आता तू आमच्यातला नाहीस." विहीर बाटवली एकाने, दार लावलं दुसऱ्याने. दार लावणारे आपले पूर्वज होते. गोष्ट सांगताना आपण त्यांना वगळतो, कारण गोष्ट सांगणारेही आपणच असतो.

वसईत ही फाळणी अजून उघड्या डोळ्यांनी दिसते. तिथे सामवेदी ब्राह्मण आहेत आणि सामवेदी ख्रिस्तीही आहेत. दोघांची घरची बोली एकच. एकाच जमिनीत दोघांनी पानवेली लावल्या, केळी लावल्या. मधून एक रेष गेली आणि तिच्या अलीकडचा हिंदू राहिला, पलीकडचा ख्रिस्ती झाला. पलीकडे गेलेल्यांनीही सगळं सोडलं असं नाही. कुपारी, वाडवळ, कोळी हे भेद चर्चच्या दारातून आत गेले आणि पुष्कळ काळ टिकले. धर्म बदलतो, जात चपला काढून आत येऊन बसते. हे त्यांनाही सुखाचं वाटत नाही, पण ते नाकारत नाहीत.

आता घंटेकडे परत येतो. कॅथलिक रिवाजात नवी घंटा टांगण्याआधी धर्मगुरू तिला पाण्याने धुतात, तेल लावतात, अनेकदा एखाद्या संताचं नाव देतात. लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणतात. म्हणजे वसईहून आलेल्या या घंटा रीतसर ख्रिस्ती होत्या. आपण त्या आणल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरला १७२९ हा आकडा असलेली घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी, घाटावरच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशूची आकृती आजही स्पष्ट दिसते. ती कुणी घासून काढली नाही. ज्योतिर्लिंगाच्या दारात पोर्तुगीज घंटा आहे आणि त्याने ज्योतिर्लिंगाचं काही बिघडलं नाही. ही आपल्या परंपरेतली मोठी मोकळी जागा आहे, असं मी आधी मानायचो. अजूनही मानतो. फक्त आता शेजारी दुसरं वाक्य येऊन उभं राहतं. घंटेला आपण घेतलं. विहिरीचं पाणी प्यायलेल्या माणसाला नाही घेतलं. शिवाजी महाराजांनी नेताजी पालकरांना परत धर्मात घेतलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण ती इतकी लक्षात राहते, कारण ती अपवाद आहे. ब्राँझला जी सवलत मिळाली, ती बहुतेक माणसांना मिळाली नाही.

आणि पुढची विसंगती माझी स्वतःची. घंटा अडीचशेहून अधिक वर्षं आपल्याकडे आहे, म्हणून मी तिला 'नारोशंकराची घंटा' म्हणतो. माझ्या मित्राच्या घरात ख्रिस्ती धर्म चारशेहून अधिक वर्षं आहे आणि तो मला 'पोर्तुगीजांचा' वाटतो. दोन्ही गोष्टी बळाच्या जोरावर हलल्या. एका बाबतीत काळाने मालकी दिली असं मी धरतो, दुसऱ्या बाबतीत काळाचं काही चालत नाही असं धरतो. एकाच तराजूत मी दोन वजनं वापरत होतो.

तत्त्वज्ञांनी या प्रश्नावर पुष्कळ डोकं चालवलं आहे. डेव्हिड ह्यूम म्हणतो की मालकीचा उगम शोधत मागे गेलं तर बहुतेक ठिकाणी बळजबरी किंवा लबाडीच सापडते, आणि दीर्घ ताबाच शेवटी हक्क बनतो. जेरेमी वॉल्ड्रन याने १९९२ च्या एका गाजलेल्या निबंधात म्हटलं की जुना अन्याय परिस्थिती बदलल्यावर मागे पडू शकतो. तो अन्याय नव्हता असं नाही, पण आज तो उलटवायला जाणं हाच नवा अन्याय ठरू शकतो. दोघांचं म्हणणं मला अर्धं पटतं. नुसता काळ काही धुऊन काढत नाही. काळाने गंजही चढतो. पण काळात माणसं काय करतात, याने फरक पडतो.

त्यासाठी १७३९ नंतरची वसई पाहावी. मराठ्यांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज सरकार गेलं, सैन्य गेलं, युरोपातले पाद्री बहुतेक निघून गेले. शरणागतीच्या कलमांत ख्रिस्ती रयतेला उपासनेची मोकळीक होती, पण पाठीशी सत्ता उरली नव्हती. किल्ल्यातली भव्य चर्चेस ओस पडली, त्यांच्या भिंतींतून पिंपळ उगवले. अनेक घंटा गेल्या. ज्या धर्माला लोक केवळ सत्तेच्या धाकाने किंवा आमिषाने चिकटले होते, असं आपण म्हणतो, त्या धर्माची परीक्षा त्या दिवशी झाली. धाक संपला, आमिष संपलं, आणि लोक थांबले. गोव्याहून आलेले देशी पाद्री वाड्यावस्त्यांतल्या चर्चेसमध्ये मिस्सा म्हणत राहिले. भिंती पडल्या तिथे लोकांनी पुन्हा बांधल्या. मग इंग्रज आले, पोर्तुगालच्या राजाचा धर्मक्षेत्रावरचा जुना अधिकार आणि रोमचा थेट अधिकार यांची ओढाताण चालली. १९२८ मध्ये दमणचा धर्मप्रांत संपून वसई मुंबईला जोडली गेली आणि १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. राजे, कंपन्या, बिशप बदलत गेले. गावातलं चर्च मात्र गावानेच सांभाळलं.

इथे कुणी म्हणेल, थांबले कारण परत यायला दार उघडं नव्हतं. खरं आहे, आणि ते मी वर कबूल केलं आहे. पण दार बंद असल्यामुळे माणूस बाहेर उभा राहतो. तिथे घर बांधत नाही, झाडं लावत नाही, गाणी रचत नाही. वसईच्या लोकांनी हे सगळं केलं.

मित्राच्या गावच्या चर्चला वसईत जुनी माणसं 'देऊळ' म्हणतात. पहिल्यांदा त्याच्या आईने "आम्ही देवळात जाऊन येतो" म्हटलं, तेव्हा मी खुळ्यासारखा कुठल्या देवळात म्हणून विचारणार होतो. परदेशी पाद्र्यांनी आणलेल्या वास्तूला त्यांनी आपल्या भाषेतला सगळ्यात जवळचा शब्द दिला आणि काम झालं. मिस्सा शतकानुशतकं लॅटिनमध्ये होती, तरी लग्नातली गाणी, बारशाची गाणी, मेलेल्याचा शोक हे सगळं बोलीतच चालू राहिलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, वेदीवरही मराठी आली. लोकांसाठी तिथे नवीन काही नव्हतं, देवाला तेवढं नवीन असेल. नवं पीक चर्चमध्ये नेऊन त्यावर आशीर्वाद घ्यायचा. सांजेची घंटा झाली की घरात प्रार्थना म्हणायची. लाल लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या पहिल्या बाकावर बसायच्या. यातलं पोर्तुगीज काय आणि मराठी काय, हे वेगळं करायला गेलं तर कापडच फाटेल.

आणि आपण हिंदू मराठी माणसं तरी काय करतो? पगार घेतो, चावीने कुलूप उघडतो, बादलीत पाणी भरतो, साबण लावतो, परातीत पीठ मळतो, उन्हाळ्यात हापूसची वाट पाहतो. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. तुरुंगसुद्धा. त्यांच्याबद्दल कुणी आपल्याला जाब विचारत नाही. लोपीस किंवा घोन्साल्विस आडनावाच्या माणसाला मात्र "तुम्ही मराठी फार छान बोलता हो" असं कौतुक ऐकावं लागतं. वसईतल्या नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले. त्यांनी बायबल मराठीत आणलं. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा एक धर्मगुरू या पदावर कसा, म्हणून विरोध झाला. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली मराठी ओव्यांत छापून निघालं. म्हणजे मराठीला या नात्याची ओळख चारशे वर्षांची आहे. आपल्यालाच ती दर वेळी नव्याने करून द्यावी लागते.

तर माझं म्हणणं असं होतं: वारसा आपला होतो तो निगराणीने. कुठून आला यापेक्षा, आल्यावर त्याचं काय केलं, कोणत्या दिवसांत तो धरून ठेवला, यावरून. वसईच्या लोकांचं चर्च या अर्थाने पूर्ण त्यांचं आहे. हे मी मित्राला मोठ्या उदारपणे सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, "मग कोहिनूर इंग्रजांचा? त्यांनी निगराणी काही कमी नाही केली."

मी अडकलो. निगराणीचा निकष एकटा ठेवला तर प्रत्येक चोर चांगला माळी असल्याचं सांगू शकतो. काहीतरी आणखी हवं. दोघांनी बोलत बोलत जे काढलं ते असं: निगराणीबरोबर कबुलीही हवी. कोहिनूरच्या बाबतीत मागणारा दारात उभा आहे आणि आतला माणूस त्याला म्हणतो, हे तुझं कधी नव्हतंच. तिथे ताबा कितीही जुना होऊ दे, तो ताबाच राहतो. एखादा वारसा खराखुरा आपला झाला आहे की नाही, हे ओळखायची एक खूण आहे. त्याची पूर्ण गोष्ट, आपल्याला न शोभणाऱ्या भागासकट, आपण मोठ्याने सांगू शकतो का? ज्याचं घेतलं तो समोर बसलेला असतानाही?

मित्र ही परीक्षा देऊ शकतो, हे मी पाहिलं आहे. मंडपेश्वरचा विषय त्यानेच काढला होता. "आमच्यातल्या काहींना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं असेल, काही लेणी-देवळं मोडली, हे मी का लपवू? मोडली ती माझ्या आजोबांच्या आजोबांनी नाही. पण त्यावर जे उभं राहिलं त्यात मी वाढलो, तेव्हा गोष्ट माझीच." त्याच्या गावाजवळ किल्ल्यातल्या पडक्या जेझुइट चर्चमध्ये संत गोन्सालो गार्सिया यांचा सण होतो. वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बाप आणि इथल्या आईचा हा मुलगा पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेला. तिथल्या राज्यकर्त्यांच्या नजरेत तो परक्या धर्माचा, परक्या राजाचा हस्तक होता. मित्र म्हणाला, "बघ, त्यालाही तेच म्हणाले. तुमची कशी? पोर्तुगीजांची."

मग त्याने मला माझ्या परीक्षेला बसवलं. "उद्या आम्ही घंटा परत मागितली, तर देशील?"

मी लगेच हो म्हणालो नाही. मनात मामा आला, घाट आला, वर केलेल्या माना आल्या. ती लढाई खोटी नव्हती. तिथे हजारो मराठे मेले, आणि ते एका जुलमी सत्तेशी लढत होते. मी म्हणालो, "माहीत नाही." तो म्हणाला, "आम्हाला नकोच आहे. तिथेच राहू दे, दोन-अडीचशे वर्षं नदी ऐकतेय ती. फक्त कुणाला दाखवशील तेव्हा, कुठून आली एवढंच सांगून थांबू नकोस. कुणाची होती तेही सांग."

त्याची मागणी घंटा परत देण्यापेक्षा सोपी दिसते. तशी ती नाही. घंटा दिली की हिशेब मिटतो आणि आपण मोकळे होतो. तिथेच ठेवून दर वेळी पूर्ण वाक्य उच्चारायचं म्हणजे दर वेळी थोडं कमी फुगायचं.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्सेत, चर्चच्या घंटा गप्प होतात. ईस्टरच्या रात्रीपर्यंत वाजत नाहीत. घंटेच्या जागी लाकूड वाजवतात. मित्राच्या गावी एकदा त्या दिवसांत होतो. सांज झाली आणि घंटा झाली नाही. काहीतरी राहिलंय असं सगळ्या गावाला वाटत होतं, मलाही वाटलं. १७३९ नंतर ज्या गावांतल्या घंटा गेल्या, तिथल्या लोकांना असं किती दिवस वाटत राहिलं असेल, हा विचार मामाच्या गोष्टीत कधी आला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीची मुलगी नाशिकला आली होती. आता मामा मी आहे. तिला घाटावर नेलं, बोट दाखवलं. वसईची लढाई सांगितली, सुरुंगासकट, काही न गाळता. मग सांगितलं की ही घंटा तिकडच्या एका चर्चची होती, आपल्यासारखीच मराठी बोलणारी माणसं ती वाजवत असत, त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून तिथेच आहेत आणि त्यातला एक माझा मित्र आहे. तिने थोडा वेळ घंटेकडे पाहिलं.

"मग त्यांनी दुसरी घेतली का?"

मी म्हणालो, "हो, घेतली."

"कुणी दिली?"

"त्यांनीच. वर्गणी काढून."

ती गप्प राहिली. तिला गोष्ट आवडली की नाही, मला कळलं नाही. छाती काही फुगलेली नव्हती. परत जाताना तिने विचारलं की तो मित्र आपल्याकडे कधी येणार आहे.